लिनक्स टाकलं आणि वायफाय गायब: भाच्याला फोनवर सांगितलेलं सगळं

"मावशी, मिंट टाकलं, झकास चालतंय. फक्त वायफायच नाहीये."

सातपूरहून भाच्याचा फोन आला तेव्हा मी रविवार कारंज्याजवळच्या आमच्या डीटीपीच्या दुकानात एका लग्नपत्रिकेतलं आजोबांचं नाव तिसऱ्यांदा दुरुस्त करत होते. विंडोज १० चा अधिकृत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हापासून घरातले जुने लॅपटॉप विंडोजच्या जागी चालणाऱ्या लिनक्सकडे (मिंट, डेबियन ही त्याचीच रूपं) वळायला लागलेत आणि अडलं की फोन मला येतो. दुकानातले दोन्ही कंप्युटर लिनक्सवर चालतात, एवढीच माझी पात्रता.

मी सगळ्यांना आधी एकच सांगते: अजून काहीही इन्स्टॉल करू नका. "वायफाय नाही" म्हणणं म्हणजे डॉक्टरला "पोटात दुखतंय" सांगणं. बटणच बंद असेल. ड्रायव्हर, म्हणजे वायफायच्या चिपशी बोलणारा प्रोग्रॅम, नसेल. ड्रायव्हर असेल पण फर्मवेअर नसेल, म्हणजे चिपच्या आत चालणारा तो छोटा प्रोग्रॅम, जो ड्रायव्हर सुरुवातीला चिपमध्ये भरतो. किंवा सगळं जागेवर असून सिक्युअर बूट, म्हणजे सही नसलेलं काही आत येऊ न देणारं कुलूप, आडवं येत असेल. चौघांची औषधं वेगळी. नेटवर सापडलेली कुठलीतरी आज्ञा चिकटवली की एका दुखण्याची दोन होतात.

तोपर्यंत नेट हवंच. फोन चार्जिंगच्या केबलने लॅपटॉपला जोडा आणि फोनच्या हॉटस्पॉट सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा. लॅपटॉपला ते वायरवालं नेट वाटतं, त्यासाठी वेगळा ड्रायव्हर लागत नाही. टेदरिंगचं बटण फिकटच दिसत असेल तर केबल बदला. पॉवर बँकेसोबत येणाऱ्या काही केबलींत फक्त चार्जिंगच्या तारा असतात. भाच्याची अर्धी संध्याकाळ त्यात गेली.

आता टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, उघडा: कंट्रोल, आल्ट आणि टी. आज्ञा मी फोनवर सांगते तशाच, अक्षरं उच्चारून लिहिते. टाइप करायच्या इंग्रजीत, छोट्या लिपीत. पहिली: आर-एफ-किल, जागा सोडून लिस्ट. वायरलेस लॅनखाली दोन ओळी दिसतील. 'सॉफ्ट ब्लॉक्ड'पुढे यस असेल तर आरएफकिल, अनब्लॉक, वायफाय असे तीन शब्द टाकले की काम झालं. 'हार्ड ब्लॉक्ड'पुढे यस असेल तर टर्मिनलमध्ये डोकं आपटू नका. लॅपटॉपच्या कडेला सरकतं बटण आहे का ते बघा, नाहीतर एफ-एन दाबून विमानाचं चित्र असलेली की दाबा. दोन्ही ठिकाणी 'नो' असेल, किंवा वायरलेस लॅनचं नावच नसेल, तर पुढे चला.

दुसरी आज्ञा सगळ्यात मोलाची: एल-एस-पी-सी-आय, जागा, वजाचं चिन्ह, त्याला लागून एन-एन-के. लांबलचक यादी येते. त्यात 'नेटवर्क कंट्रोलर' लिहिलेली ओळ शोधा. 'इथरनेट'वाली नाही, ती केबलची. त्या ओळीच्या शेवटाकडे चौकटी कंसात चार आकडे-अक्षरं, विसर्गासारखे दोन टिंब, पुन्हा चार आकडे-अक्षरं असतात. ही चिपची जन्मपत्रिका. पहिले चार कंपनीचे: ८०८६ म्हणजे इंटेल, १०ईसी रियलटेक, १४ई४ ब्रॉडकॉम, १६८सी अ‍ॅथेरॉस, १४सी३ मीडियाटेक. पुढचे चार त्या विशिष्ट चिपचे. हा अख्खा नंबर कागदावर उतरवा. 'लॅपटॉपचं मॉडेल सांगा' असं कुणी म्हटलं तरी नंबरच सांगा, कारण एकाच मॉडेलमध्ये निरनिराळ्या चिपा निघतात.

त्याच्या खाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' अशी ओळ असेल तर ड्रायव्हर चिपला जोडला गेलाय. तरीही वायफाय नसेल तर संशय फर्मवेअरवर. सुडो (एस-यू-डी-ओ), जागा, डी-एम-ई-एस-जी लिहून उभी रेघ द्या, मग जी-आर-ई-पी, मग फर्मवेअर. 'फेल्ड टू लोड' असं काही दिसलं तर चोर सापडला. इंटेलच्या चिपांमध्ये बहुतेक वेळा हेच असतं: ड्रायव्हर कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, असतो, नावही सोपं, आयडब्ल्यूएलवायफाय, फक्त फर्मवेअरचं पॅकेज टाकून रीस्टार्ट करायचं. डेबियनवाल्यांना पूर्वी हे फर्मवेअर स्वतः शोधून आणावं लागे. जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून ते अधिकृत इन्स्टॉलरमध्येच असतं. अ‍ॅथेरॉसची जुनी, एटीएच-नाइन-केवर चालणारी कार्डं तर वेगळं फर्मवेअरही मागत नाहीत. असं कार्ड निघालं तर नशीब काढलंत.

रियलटेकमध्ये आधी कर्नल किती जुनं ते बघा: यू-नेम, जागा, वजा आर. ८८२१सीई ही चिप कर्नल ५.९ पासून आपोआप चालते, ८८५२एई ५.१६ पासून. कर्नल त्याहून जुनं असेल तर नवं घ्या. मिंटमध्ये अपडेट मॅनेजरच्या व्ह्यू मेनूत लिनक्स कर्नल्स म्हणून पर्याय आहे. कुणीतरी चार वर्षांपूर्वी टाकून दिलेला सोर्स, म्हणजे ड्रायव्हरचा मूळ कोड, उतरवून कंपाइल करत बसणं हा शेवटचा उपाय, पहिला नव्हे.

भाच्याचा नंबर निघाला १४ई४:४३६५, म्हणजे ब्रॉडकॉमची बीसीएम ४३१४२. तिला डब्ल्यूएल नावाचा कंपनीचाच, सोर्स खुला नसलेला ड्रायव्हर लागतो. मिंटमध्ये त्यासाठी टर्मिनलही नको: मेनूतून ड्रायव्हर मॅनेजर उघडा, ब्रॉडकॉमसमोर 'रेकमेंडेड' असेल ते निवडा, अप्लाय. नेट अजिबातच नसेल तर ज्या पेनड्राइव्हवरून मिंट टाकलं तो लावून ठेवा. ड्रायव्हर मॅनेजर त्यावरूनही पॅकेज घेऊ शकतो. डेबियनवर याच कामाचं पॅकेज ब्रॉडकॉम-एसटीए-डीकेएमएस. डीकेएमएस म्हणजे कर्नल बदललं की ड्रायव्हर त्याच्यासाठी नव्याने बांधणारी सोय. त्यासाठी त्या कर्नलचे हेडर्स, म्हणजे बांधणीला लागणाऱ्या फायली, लागतात. ते नसले तर पुढच्या अपडेटनंतर वायफाय पुन्हा बेपत्ता.

इथे मी माती खाल्ली. ड्रायव्हर बसला, रीस्टार्ट केलं, वायफाय नाही. मी म्हटलं, काढ आणि पुन्हा टाक. त्याने तीनदा टाकलं. तिसऱ्यांदा तो वैतागून म्हणाला, "मावशी, दरवेळी मध्येच एक निळा स्क्रीन येऊन जातो गं, तो कशाचा?" मी कपाळावर हात मारला. तोच तर खरा दरवाजा होता. सिक्युअर बूट चालू असलं की सही नसलेला ड्रायव्हर कर्नल आत घेत नाही. म्हणून इन्स्टॉल होताना एक पासवर्ड ठेवायला सांगतात आणि पुढच्या रीस्टार्टला तो निळा स्क्रीन येतो. १० सेकंदांत कुठलीही की दाबली नाही तर तो निघून जातो. की दाबून 'एनरोल एमओके', मग कंटिन्यू, यस, तोच पासवर्ड, रीबूट. पासवर्ड आकड्यांचा आणि किमान आठ अक्षरी ठेवा. मराठी कीबोर्डची सवय असेल तर तिथे गोंधळ नको. हेच दुखणं आहे का ते पडताळायचं तर सुडो मॉडप्रोब डब्ल्यूएल टाका. 'की वॉज रिजेक्टेड' आलं की खात्री झाली. बायॉसमध्ये (लॅपटॉप सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) जाऊन सिक्युअर बूट बंद करणं हाही एक मार्ग आहे. पण शेजारी विंडोज असेल आणि त्यावर बिटलॉकर, म्हणजे डिस्कचं कुलूप, असेल तर रिकव्हरी की आधी काढून ठेवा, नाहीतर विंडोज दारातच अडवेल.

चौथ्या खेपेला वायफाय आलं. पाच मिनिटांनी पुन्हा फोन. "घरच्या राउटरची दोन नावं आहेत, त्यातलं ५जीवालं दिसतच नाही. ड्रायव्हर अर्धाच बसला का?" नाही रे बाबा. ती चिप फक्त २.४ गिगाहर्ट्झचीच आहे, ५ गिगाहर्ट्झ तिला जन्मात दिसणार नाही. तसंही त्यात फार काही गमावलं नाही. आमच्या दुकानाचा वाडा जुना, भिंत दीड हात जाड. मधल्या खोलीत ५ गिगाहर्ट्झचं सिग्नल पोचता पोचता मरतं, २.४ कसंबसं तग धरतं.

काहीच जमलं नाही तर यूएसबी डोंगल, म्हणजे बाहेरून लावायचं वायफाय. घ्यायचा तर आत एआर ९२७१ किंवा मीडियाटेकची एमटी ७६१२यू चिप असलेला. दोन्हींचे ड्रायव्हर कर्नलमध्येच आहेत. पण खोक्यावरच्या मॉडेलवर विसंबू नका, त्याच नावाखाली दुसऱ्या आवृत्तीत चिप बदललेली असते. लॅपटॉप सोबत घेऊन दुकानात जा, डोंगल लावा, एल-एस-यू-एस-बी टाका आणि नंबर बघा. दुकानदार "मॅडम, सगळं चालतं" म्हणेल. म्हणू द्या, तेवढ्यात नंबर वाचून होतो.