बाजाराच्या वाराची गोळी

डिस्चार्जचा कागद फार्मसीच्या खिडकीत येतो तेव्हा दुपारचे दोन-अडीच झालेले असतात. नातेवाइकांना पेठची नाहीतर सुरगाण्याची एसटी गाठायची असते, बिलाची रांग दारापर्यंत गेलेली असते. चुका होतात त्या नेमक्या याच वेळेला. नाशिकमधल्या द्वारका चौकाजवळच्या एका रुग्णालयात मी एकोणीस वर्षं फार्मासिस्ट आहे. नव्याने लागलेल्या मुलामुलींना मी सगळ्यात आधी एकच गोळी शिकवते, मेथोट्रेक्सेट.

संधिवातासाठी ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची. रोज पोटात गेली तर तोंड सोलून निघतं, रक्तातल्या पेशी घसरतात, माणूस दगावू शकतो. त्यात जोडीला तिचा त्रास कमी करणारं फॉलिक ॲसिड हे जीवनसत्त्व असतं आणि बऱ्याचदा दोन्ही गोळ्या लहान, पिवळ्याच. काही वर्षांपूर्वी दिंडोरीकडच्या एक आजी दहा-बारा दिवसांत परत आल्या. पाणीसुद्धा गिळवेना. सुनेने पिशवी काउंटरवर उलटी केली, तर दहा गोळ्यांची अख्खी स्ट्रिप रिकामी. पाकिटावर माझ्याच अक्षरात होतं, ‘आठवड्यातून १’. सून म्हणाली, “ताई, आम्हाला तो एकचा आकडाच तेवढा कळला.” आजी फोलिनिक ॲसिडच्या, म्हणजे या गोळीवरच्या उताऱ्याच्या, इंजेक्शनांवर बऱ्या झाल्या. त्यांचे सोललेले ओठ मला अजून दिसतात.

तेव्हापासून मी विचारते, “आजी, तुमच्या गावचा बाजार कोणत्या वारी?” नाशिकला गंगेवर, म्हणजे गोदावरीकाठी, बुधवारचा बाजार भरतो, तसा गावागावाचा वार ठरलेला असतो आणि तो कुणी विसरत नाही. तोच गोळीचा वार. डॉक्टरांना सांगून तो कागदावर घालून घ्या. पाकिटावर अक्षरात लिहा, ‘फक्त बुधवारी’. आकडा नको, इंग्रजी खुणा तर नकोच. एका वेळी चार आठवड्यांपुरत्याच गोळ्या द्या. स्ट्रिप कापताना बॅच नंबर आणि मुदतीची कड आपल्याकडच्या तुकड्यावर राहू द्या, कारण उद्या तो तुकडा दुसऱ्या कुणाला जाणार आहे. पेशंटच्या पाकिटावर औषधाचं नाव, बॅच, मुदत हाताने लिहा.

“समजलं का?” असं विचारू नका, उत्तर ‘हो’च येतं. “घरी गेल्यावर सुनेला कसं सांगाल?” असं विचारा आणि त्यांना बोलू द्या. सुरगाण्याकडच्या बऱ्याच घरांत कोकणा बोलतात. आमच्या वॉर्डातल्या एका मावशींना ती बोली येते, त्यांना मी हक्काने खाली बोलावते. पाच मिनिटं जातात. रांगेतला माणूस कुरकुरला तरी जाऊ द्यावीत.

दुसरा धोका खरेदीच्या फायलीतून येतो. रेट कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे ठरलेल्या दराने औषधं घेण्याचा करार, बदललं की कालची टेल्मिसार्टन ही रक्तदाबाची गोळी आज वेगळ्या नावाने, वेगळ्या रंगाच्या स्ट्रिपमध्ये येते. पेशंटच्या घरी जुन्या नावाची शिल्लक असतेच. तो दोन्ही चालू ठेवतो आणि चौथ्या दिवशी चक्कर येऊन पडतो. म्हणून घरची औषधं मागवून घ्या, काउंटरवर मांडा, नवीन कागदाशी एकेक ताडून पाहा, दुहेरी निघालेली स्ट्रिप त्यांच्यासमोर बाजूला काढा.

आणि लक्षात ठेवा, शेड्यूल एचच्या, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या, औषधाला चिठ्ठीवरचा ब्रँड सोडून दुसरा आपल्या मनाने देता येत नाही. १९४५च्या औषध नियमांतला नियम ६५ तसं सांगतो. डॉक्टरांना फोन लावा, त्यांनी सांगितलेलं नाव आणि मात्रा त्यांना परत वाचून दाखवा, वेळ लिहा, नंतर सही घ्या. दिवसाला असे वीस फोन करणं एका फार्मासिस्टला झेपत नाही, हे मी मीटिंगमध्ये दरवेळी मांडते. डॉक्टरांनी औषधाचं मूळ नाव स्वच्छ, शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहावं, असं मेडिकल कौन्सिलने २०१६ मध्येच सांगितलंय. ते पाळलं गेलं तर यातले निम्मे फोन लागणारच नाहीत, असं माझं ठाम मत आहे.

पोटॅशियम क्लोराइडचे तीव्र ॲम्प्यूल (पातळ न करता शिरेत दिले तर जीवघेणे) वॉर्डच्या कपाटात राहू देऊ नका, मागणी आली की इथूनच द्या. शेड्यूल एच१, म्हणजे विक्रीची वेगळी नोंद ठेवावी लागणाऱ्या औषधांचं रजिस्टर त्याच दिवशी भरा, ते तीन वर्षं जपावं लागतं.

आणि एक वही ठेवा. हातातून जाता जाता पकडलेली प्रत्येक चूक तिच्यात लिहा. कुणाची ते लिहू नका. काय झालं, किती वाजता, काउंटरवर किती जण होते, एवढंच. आमच्या वहीतल्या बहुतेक नोंदी दुपारी दोन ते चारच्या निघाल्या, तेव्हा कुठे त्या वेळेला दुसरा माणूस मिळाला. औषधाने त्रास झाला असेल तर १८००-१८०-३०२४ हा राष्ट्रीय औषध दक्षता कार्यक्रमाचा मोफत नंबर आहे. पेशंट स्वतःही लावू शकतो. मी तो पाकिटाच्या मागे लिहून देते.