डेट्रॉइटमधली कर थकलेली घरं नकाशावर कशी आणायची
शहराच्या ओपन डेटा पोर्टलवर सगळ्या पार्सलची, म्हणजे जमिनीच्या प्रत्येक तुकड्याची, फाईल फुकट मिळते, ती क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा आणि वेन काउंटी (डेट्रॉइट ज्यात येतं तो जिल्हा) ट्रेझररची, म्हणजे तिथल्या खजिनदाराची, जप्तीची यादी पार्सल नंबरवरून जोडा. लोक इथेच अडकतात, कारण काही नंबर शून्याने सुरू होतात, बऱ्याच नंबरांच्या शेवटी टिंब असतं, एक्सेल दोन्ही खाऊन टाकतं आणि मग काहीच जुळत नाही, म्हणून तो कॉलम टेक्स्टच ठेवा.

मग रंग द्या. मिशिगन राज्याच्या १९९९ च्या कायद्याप्रमाणे कर थकला की साधारण तिसऱ्या वर्षी जप्ती येते, तेव्हा एक वर्ष पिवळं, दोन केशरी, तीन लाल. लिलावात विकलेलं आणि लँड बँकेकडे (अशी घरं-जमिनी ताब्यात घेणारी सरकारी संस्था) गेलेलं वेगळं दाखवा. घराला लागून लँड बँकेचा रिकामा प्लॉट असेल तर लँड बँक तो शेजाऱ्याला १०० डॉलरला देत आलीय, हे तर आवर्जून दाखवाच.

आणि प्लीज, यादीत नाव आहे म्हणून घर ओसाड समजू नका. स्वतः जाऊन बघा, पायरीवर चपला, खिडकीला पडदा दिसला की तिथे माणसं राहतायत, त्यांना आधी थकलेला कर हप्त्यांनी भरायच्या योजनेबद्दल सांगा, नकाशा नंतर.