जॅझच्या रेकॉर्डी जमवताय? कव्हर वाचून फसू नका

तानपुऱ्याच्या ॲपवर पांढरी दोन लावा आणि ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या 'काइंड ऑफ ब्लू' या रेकॉर्डमधली पहिली रचना, 'सो व्हॉट', सोबत वाजवा. रेकॉर्ड साठ-सत्तरच्या दशकातली असेल तर काही केल्या सूर जुळणार नाही. बँड तानपुऱ्याच्या किंचित वर लागतो. मी हा उद्योग केला तेव्हा आधी ॲपवर संशय घेतला, मग टर्नटेबलच्या बेल्टवर. नवा बेल्ट घातला, वेग तपासायची स्ट्रोबची चकती ठेवून पाहिली. ती चकती अमेरिकन, म्हणजे ६० हर्ट्झच्या विजेसाठी बनवलेली, आणि आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे त्यात आणखी एक संध्याकाळ गेली. (रेकॉर्डी जमवणाऱ्यांच्या नेहमीच्या चुका पुढे लिहिल्यात. ही वेगळी लिहीत नाही, इथेच टाळा.) योग्य चकती आणल्यावर कळलं, टर्नटेबल ठणठणीत होतं. रेकॉर्डच चढी होती.

झालं होतं असं. २ मार्च १९५९ला न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीच्या ३०व्या रस्त्यावरच्या स्टुडिओत पहिल्या बाजूच्या तिन्ही रचनांचं ध्वनिमुद्रण झालं. ज्या यंत्रावरची टेप पुढे रेकॉर्डसाठी वापरली गेली, ते त्या दिवशी जरा हळू चालत होतं. हळू चाललेली टेप नेहमीच्या वेगाने वाजवली की सूर चढतो. दुसऱ्या बाजूच्या दोन रचना २२ एप्रिलच्या, त्या ठीक आहेत. तीसेक वर्षं सगळ्या जगाने पहिली बाजू चढीच ऐकली. दुरुस्त आवृत्त्या आल्या त्या १९९०च्या दशकात, दुसऱ्या यंत्रावरची टेप सापडल्यावर.

आता विचार करा, 'पहिल्या छपाईची' म्हणून जी प्रत लोक जिवापाड जपतात, तिची पहिली बाजू चुकीच्या सुरात आहे. एवढंच नव्हे, सुरुवातीच्या प्रतींवर दुसऱ्या बाजूच्या दोन रचनांची नावंही उलटसुलट छापली गेली. 'ऑल ब्लूज' तीनाच्या झोक्यात हेलकावत जाते, 'फ्लॅमेंको स्केचेस' अगदी संथ. एकदा ऐकलं की पुन्हा गोंधळ होणार नाही. पण ऐकायच्या आधी लेबल वाचणाऱ्यांनी या दोन रचनांवर उलट्या नावांनी भरभरून बोलून झालेलं मी स्वतः पाहिलंय. बोलणाऱ्यांत मीही होते.

'ओरिजिनल' म्हटलं की पाकीट काढणं

ब्लू नोट कंपनीच्या बाबतीत हे सर्रास होतं. १९३९ साली न्यूयॉर्कला निघालेली ही कंपनी. पन्नास-साठच्या दशकांतल्या तिच्या बहुतेक रेकॉर्डी रूडी व्हॅन गेल्डर या ध्वनिमुद्रकाने केल्या. १९५९पर्यंत तो न्यू जर्सीतल्या हॅकेनसॅकला आईवडिलांच्या दिवाणखान्यात ध्वनिमुद्रण करायचा, नंतर इंगलवुड क्लिफ्सच्या स्टुडिओत. दुकानदार कव्हरवरचा जुना पत्ता दाखवतो आणि म्हणतो, "मॅडम, ओरिजिनल आहे." कव्हर ओरिजिनल असेलही. आतली रेकॉर्ड दुसऱ्या कुठल्या कव्हरातून आलेली असू शकते, किंवा उरलेल्या जुन्या कव्हरांत कंपनीनेच नंतरची छपाई घातलेली असू शकते.

रेकॉर्ड उजेडाकडे तिरकी धरा आणि शेवटची रचना संपते तिथून लेबलापर्यंतची गुळगुळीत पट्टी बघा. तिथे कोरलेले आकडे आणि खुणा असतात. 'व्हॅन गेल्डर' किंवा त्याची आद्याक्षरं दिसली, तर छपाईची मूळ चकती त्याने स्वतः कापलेली. शिवाय कानाच्या पाळीसारखी एक वळणदार खूण दिसली, तर रेकॉर्ड प्लास्टिलाइट या कारखान्यात छापलेली, म्हणजे ब्लू नोट १९६६च्या सुमारास लिबर्टी कंपनीकडे जाण्याआधीची. व्हॅन गेल्डरची खूण आहे पण कान नाही, अशी प्रत बहुधा नंतरची असते. माझा सल्ला, हीच घ्या. कापणारा हात तोच, आवाज तोच, आणि संग्राहकांची झुंबड नसल्याने किंमत आवाक्यातली. कानासाठी पैसे मोजायचे असतील तर तो निराळा छंद आहे, त्याला माझी ना नाही.

याच्या उलट एक चूक म्हणजे कव्हरवर 'स्टिरिओ' वाचून खूश होणं. बाजारात स्टिरिओ एल.पी. आल्या त्या १९५८च्या आसपास. त्याआधीच्या ध्वनिमुद्रणावर 'इलेक्ट्रॉनिक पद्धतीने स्टिरिओ केलेली' अशा अर्थाचं काही छापलेलं दिसलं तर ठेवून द्या. मोनो टेपचा खर्ज एका बाजूला आणि तार दुसऱ्या बाजूला ढकलून, वर थोडा घुमारा चढवून तो माल विकला जायचा. सॅक्सोफोनवाला चार्ली पार्कर मोरीत बसून वाजवतोय असं वाटतं.

'लाइव्ह' म्हणजे लाइव्हच, असं धरून चालणं

बँडप्रमुख ड्यूक एलिंग्टनच्या १९५६च्या न्यूपोर्ट जॅझ महोत्सवातल्या मैफलीचा किस्सा जॅझवाल्यांच्या गप्पांत हमखास निघतो. ७ जुलैची रात्र, पॉल गोन्साल्व्हेसने टेनर सॅक्सोफोनवर सलग २७ आवर्तनं वाजवली, लोक खुर्च्यांवर चढून नाचायला लागले. हे खरंच घडलं. पण त्या वर्षी निघालेल्या एल.पी.चा बराचसा भाग नंतर स्टुडिओत पुन्हा वाजवून घेतलेला होता आणि त्यावर टाळ्या चिकटवल्या होत्या. गोन्साल्व्हेसचा तो सोलो मात्र त्या रात्रीचाच. गंमत अशी की तो भलत्याच मायक्रोफोनसमोर उभा राहिला होता. तो माइक 'व्हॉइस ऑफ अमेरिका' या रेडिओचा, त्यामुळे कोलंबियाच्या टेपवर तो शेजारच्या खोलीत वाजवतोय असा ऐकू येतो. पुढे रेडिओची टेप सापडली आणि १९९९ साली दोन्ही टेपा जुळवून खरी मैफल निघाली. जुनी प्रत तुमच्याकडे असेल तर ठेवा. पण "टाळ्यांवरून कळतं बघ, लोक कसे पेटले होते" असं तिच्या जोरावर कुणाला ऐकवू नका.

टोरंटोच्या मॅसी हॉलमधली १५ मे १९५३ची मैफलही अशीच. पार्कर, डिझी गिलेस्पी, बड पॉवेल, चार्ल्स मिंगस, मॅक्स रोच, पाचही जण एका मंचावर. मिंगसचा बेस टेपवर नीट आला नव्हता, म्हणून त्याने तो नंतर बऱ्याच ठिकाणी पुन्हा वाजवून वर चढवला. आणि कव्हरवर पार्करचं नावच नाही, तिथे आहे कुणी 'चार्ली चॅन'. पार्कर करारानं दुसऱ्या कंपनीशी बांधलेला, मग बायकोचं नाव लावून काम भागवलं. सॅक्सोफोनवाल्या कॅननबॉल ॲडर्लीनेही ट्रम्पेटवाल्या लुई स्मिथच्या एका रेकॉर्डवर 'बकशॉट ला फंक' असं नाव घेतलंय. अनोळखी नाव दिसलं म्हणून रेकॉर्ड परत गठ्ठ्यात टाकू नका. आधी सुई टेकवा.

रचनांच्या नावांचंही तेच. पार्करची 'को-को' २६ नोव्हेंबर १९४५ला सॅव्हॉय कंपनीसाठी ध्वनिमुद्रित झाली. तिचा सांगाडा, म्हणजे स्वरसंगतींचा (कॉर्डचा) क्रम, 'चेरोकी' या लोकप्रिय गाण्याचा आहे, फक्त चाल नवी. पहिल्या प्रयत्नात मंडळी चक्क 'चेरोकी'ची मूळ चाल धरायला लागतात आणि मध्येच कुणीतरी थांबवतं. तो अर्धवट तुकडाही पुढे रेकॉर्डवर आला. मूळ चाल वाजली की तिच्या संगीतकाराला मानधन द्यावं लागणार, मग कंपनी कशाला वाजवू देईल? म्हणून संग्रहात पार्करची 'ऑर्निथॉलॉजी' असेल, तर 'हाऊ हाय द मून'ही शेजारी ठेवा. एकीचा पाया दुसरीत आहे.

बिघाड नेमका कुठे आहे?

खरखर ऐकू आली की लोक लगेच रेकॉर्ड धुवायला घेतात. आधी घड्याळ बघा. 'टक्' असा आवाज दर १.८ सेकंदांनी येत असेल तर तो ओरखडा आहे, कारण मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या वेगात एका फेरीला तेवढाच वेळ लागतो. तो धुऊन जाणार नाही. पियानोचे लांब सूर डुलतायत? मधलं भोक नेमकं मध्यावर नाही. प्रत्येक रेकॉर्डची शेवटचीच रचना फाटकी वाजते? सुई झिजलीय किंवा वाकडी बसलीय. सतत घूं ऐकू येतंय, तर अर्थिंगची तार सुटली असणार. सुई उडते म्हणून तिच्यावर नाणं मात्र ठेवू नका, हात जोडून विनंती.

लाखेच्या, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या रेकॉर्डी वेगळ्या जातीच्या. त्यांना स्पिरिट किंवा अल्कोहोल लावलं तर लाख विरघळते आणि आवाज त्या कापसाबरोबर जातो. एका ओळखीच्यांनी कौतुकाने चकचकीत पुसून आणलेली आर्मस्ट्राँगची एक जोडी मी पाहिलीय. दिसत होती छान. साधं ऊर्ध्वपातित पाणी, मऊ कापड, लेबल कोरडं, बास. सुईही वेगळी हवी. एल.पी.ची सुई साधारण १८ मायक्रॉनची, ७८ला ७५च्या आसपासची लागते. बारीक सुई खाचेच्या तळाशी जाते, आणि ऐंशी-नव्वद वर्षांची धूळ तिथेच बसलेली असते.

मुंबई-कोकणात पावसाळ्यात बुरशी येते ती बहुधा कागदी पाकिटावर आधी. पाकीट बदला, रेकॉर्ड उभी ठेवा, भिंतीला टेकलेलं कपाट थोडं पुढे ओढा. पुण्यात एप्रिलमध्ये खरेदी करून गाडीच्या मागच्या काचेपाशी ठेवलीत, तर घरी पापड घेऊन याल.

"हा तर त्यांचा ख्यालच!"

जॅझबद्दल आपल्याकडच्या रसिकांचं हे आवडतं वाक्य. पूर्ण चूक नाही, पण तिथे थांबलात तर अर्धं हातचं जातं. पुन्हा 'सो व्हॉट'कडे या, या वेळी दुरुस्त आवृत्ती आणि तीच पांढरी दोन. बेस चाल मांडतो, बाकीचे दोन ठोक्यांत होकार देतात. पहिले सोळा बार (एक बार म्हणजे इथे चार मात्रा) आपल्या काफी थाटात अगदी घरच्यासारखे बसतात. मग पुढचे आठ बार अख्खा बँड उठून काळी दोनवर जातो. थाट तोच, षड्ज बदलला. तानपुरा बिचारा आपल्या जागी राहतो आणि ते आठ बार कानाला टोचतात. शेवटचे आठ बार परत घरी. म्हणजे ३२ बारांचं, १२८ मात्रांचं आवर्तन. डेव्हिस दोन आवर्तनं घेतो, सॅक्सोफोनवर जॉन कोल्ट्रेन दोन, ॲडर्ली दोन, पियानोवर बिल इव्हान्स एक. बोटांवर मोजत ऐका. षड्ज सोडून जाणं आणि परत येणं हा खेळ ख्यालात नाही. तो ऐकू यायला लागला की सोलो म्हणजे आलाप-ताना ही कल्पना आपोआप सैल होते.

दुसरी सवय म्हणजे रेकॉर्डीवरून इतिहास सांगणं. बीबॉप, म्हणजे पार्कर-गिलेस्पींची वेगवान जॅझशैली, १९४५ला अचानक आकाशातून पडली असं ऐकवणारे भेटतात. १ ऑगस्ट १९४२पासून अमेरिकेतल्या वादकांच्या संघटनेने ध्वनिमुद्रण बंद ठेवलं होतं. डेक्का कंपनीने १९४३मध्ये समझोता केला, कोलंबिया आणि व्हिक्टरने नोव्हेंबर १९४४मध्ये. पार्कर आणि गिलेस्पी १९४३ साली अर्ल हाइन्सच्या बँडमध्ये एकत्र होते, पण त्या बँडची त्या वर्षाची एकही स्टुडिओ रेकॉर्ड नाही. संगीत रोज वाजत होतं, फक्त लाखेवर उतरत नव्हतं. तसंच तीन मिनिटांचं. दहा इंची ७८च्या एका बाजूला जेमतेम तेवढंच मावायचं, म्हणून तीसच्या दशकातले वादक आटोपशीर वाजवायचे असा निष्कर्ष काढू नका.

आणि एक, मुंबईपुरतं. इथला जॅझ १९७८च्या 'जॅझ यात्रा' या महोत्सवापासून सुरू होतो असं बरेच जण धरतात. ताजमध्ये लिऑन ॲबीचा आफ्रिकी-अमेरिकन बँड त्याच्या चाळीसेक वर्षं आधी वाजवत होता, पियानिस्ट टेडी वेदरफोर्डही. त्यांच्याकडून उचललेले आणि त्यांच्याबरोबर वाजवलेले गोव्याचे वादक पुढे सिनेमाच्या वाद्यवृंदांत गेले. त्यांतला ट्रम्पेटवाला चिक चॉकलेट, मूळ नाव अँटोनियो झेवियर वाझ, सी. रामचंद्रांचा सहायक होता. म्हणून चोरबाजारात जॅझचा गठ्ठा चाळताना शेजारचा हिंदी सिनेमाच्या ७८चा ढीग सोडू नका. लेबलावर चित्रपट, गायक आणि संगीतकार एवढंच असतं, वाजवणाऱ्यांची नावं नसतात.

मी कव्हरांप्रमाणे यादी करणं कधीच सोडलं. वहीत वाजवणाऱ्याचं नाव, तारीख आणि गाव लिहिते, आणि तारीख माहीत नसेल तर ती जागा कोरी ठेवते. 'च'च्या पानावर चार्ली पार्कर आहे, त्याच्या खाली कंसात 'चॅन'. त्याखालची ओळ चिक चॉकलेटची: 'अलबेला', १९५१, मुंबई.