बाहेरचा दिवा आणि वाया जाणारा उजेड: या चुका टाळा

घराबाहेर नवा दिवा लावला की उजेड पुरेसा पडतो का, एवढंच पाहिलं जातं. तो आणखी कुठे कुठे जातो, याकडे लक्ष नसतं. तपासणी सोपी आहे. रात्री दिव्यापासून लांब जाऊन उभं राहा. तिथूनही उघडा बल्ब डोळ्यांत खुपत असेल, तर दिवा चुकीचा बसवला आहे.

उघडा गोळा, तिरका फ्लडलाइट

सगळ्यात मोठी चूक हीच. काचेच्या गोळ्यातला बराचसा उजेड थेट वर जातो, हवेतल्या रेणूंवर आणि धुळीवर विखुरतो आणि त्या पांढुरक्या झाकोळात तारे बुडतात. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक नकाशानुसार, जगातल्या एक तृतीयांशाहून अधिक लोकांना राहत्या ठिकाणाहून आकाशगंगा दिसत नाही. उपाय म्हणजे वरून झाकलेलं, खाली तोंड असलेलं फिटिंग. फ्लडलाइट असेल तर नवीन काही घ्यायची गरज नाही. स्क्रू सैल करा आणि काच जमिनीला समांतर होईल इतकं तोंड खाली वळवा. उजेड जमिनीवरच पडू लागला की बल्बही लहान चालतो.

वॅट पाहून एलईडी घेणं

वॅट हे विजेच्या वापराचं माप, ल्यूमेन हे उजेडाचं. 60 वॅटचा जुना बल्ब साधारण 800 ल्यूमेन उजेड द्यायचा. तेवढ्यासाठी 8 ते 10 वॅटचा एलईडी पुरतो. तरी ‘वीज कमीच लागते’ म्हणून 30 वॅटचा लावतात, आणि बचत झाल्याचं समाधान वर! खोक्यावर ल्यूमेनचा आकडा बघा.

पांढराशुभ्र रंग

केल्विन हे उजेडाच्या रंगछटेचं माप: आकडा लहान तर उजेड पिवळसर, मोठा तर निळसर पांढरा. 6500 केल्विनच्या दिव्यात निळा अंश जास्त असतो. निळा प्रकाश हवेत जास्त विखुरतो, झोपेशी निगडित मेलाटोनिन संप्रेरकाला जास्त दाबतो आणि कीटकांना जास्त ओढतो. बाहेर 2700 केल्विन किंवा त्याहून कमी घ्यावा, 3000 च्या वर तर जाऊच नये. अर्थात दिवा पिवळा आहे म्हणून दुप्पट तेजाचा लावायची मुभा मिळत नाही.

‘जास्त उजेड म्हणजे जास्त सुरक्षित’

प्रखर झोत डोळ्यांवर आला की बाहुली आक्रसते आणि झोतामागची सावली आणखी काळी वाटते. तिथे उभा असलेला माणूस दिसतच नाही. मंद, सारखा पसरलेला उजेड आणि हालचाल टिपणारा सेन्सर यांनी काम चांगलं होतं.

सेन्सर लावल्यावर दिवा रात्रभर चालू-बंद होतो, ही तक्रार नेहमीची. बहुधा त्याचा रोख रस्त्याकडे असतो आणि प्रत्येक गाडी टिपली जाते. रोख आत वळवा, टप्पा कमी करा, दिवा चालू राहण्याची वेळ एक-दोन मिनिटांवर आणा. अंधार पडल्यावर आपोआप लागणारा दिवा लुकलुकत असेल, तर बहुधा त्याच्या प्रकाशसेन्सरवर त्याचाच उजेड पडत असतो. सेन्सरची जागा बदला किंवा मध्ये आडोसा लावा.

सगळा दोष रस्त्यावरच्या खांबांना देणं

अमेरिकेतल्या टक्सन शहरात रस्त्यांवरचे दिवे मुद्दाम कमी-जास्त करून उपग्रहातून मोजणी केली गेली. वर जाणाऱ्या एकूण उजेडात त्या दिव्यांचा वाटा एक पंचमांशाहूनही कमी निघाला. उरलेला जाहिरातफलक, दुकानं, वाहनतळ, मैदानं, इमारती आणि घरं यांचा. म्हणजे बराचसा उजेड ज्यांच्या हाती बटण आहे त्यांचाच. शिवाय बटण बंद केल्याचा परिणाम लगेच दिसतो. न्यूयॉर्कमध्ये 11 सप्टेंबर 2001 च्या दहशतवादी हल्ल्यातल्या बळींच्या स्मृतीप्रीत्यर्थ सोडल्या जाणाऱ्या झोतांत स्थलांतर करणारे पक्षी घिरट्या घालत अडकतात. झोत थोडा वेळ बंद ठेवला की ते काही मिनिटांत पांगतात.

राहता राहिला शेजारचा दिवा. तो तुमच्या खिडकीत येत असेल, तर शेजाऱ्यांना रात्री तुमच्या खोलीत बोलावून दाखवा. त्यांच्या बाजूने तो कधी दिसलेलाच नसतो. ‘दिवा काढा’ म्हणण्यापेक्षा ‘तोंड जरा खाली करता येईल का’ असं विचारलं, तर काम लवकर होतं.