संयुक्त कला सेवेबद्दल लोकांना विचारताना या चुका टाळा

शेजारशेजारच्या दोन-तीन स्थानिक स्वराज्य संस्था एकत्र बसतात आणि त्यांच्या लक्षात येतं की आपापलं नाट्यगृह, कलादालन, तालमीच्या खोल्या वेगवेगळ्या चालवणं आता परवडत नाही. मग ठरतं, व्यवस्थापक एकच ठेवू, बुकिंग एकच, लाइट-साउंडची माणसं एकच, अनुदानाचा अर्जही एकच. कागदावर हिशेब जुळतो. त्यानंतर कोणाला तरी आठवतं की लोकांनाही विचारायला हवं. सभा लागते. खुर्च्या साठ, माणसं अकरा, त्यातले चार कर्मचारी. इतिवृत्तात ओळ पडते, 'नागरिकांचा प्रतिसाद अल्प.'

अशाच एका सभेत मी मागच्या रांगेत बसलो होतो. तासभर स्लाइड झाल्या. शेवटी एक बाई उठल्या आणि म्हणाल्या, "ते सगळं ठीक आहे, पण किल्ली कोणाकडे राहणार?" त्यांच्या गटाची तालीम संध्याकाळी असायची आणि हॉलची किल्ली समोरच राहणाऱ्या शिपायाकडे. सेवा एकत्र झाली की ती किल्ली मुख्य कार्यालयात जाणार का, एवढंच त्यांना हवं होतं. व्यासपीठावर कोणालाच सांगता येईना. जाडजूड अहवालात किल्लीचा शब्दही नव्हता.

लोक येत नाहीत हे दुखणं नसतं. त्यांनी ठरवावं असं काही शिल्लक ठेवलेलं नसतं, आणि ते त्यांना दारातच कळतं.

वरातीमागून घोडं

सगळ्यात मोठी चूक हीच, म्हणून तिच्यावर जरा थांबतो. तिसरी घंटा झाल्यावर प्रेक्षकांना 'आज कुठलं नाटक करू या' असं विचारलं तर ते हसतील. तरी संयुक्त सेवेचा करार तयार, सह्यांची तारीख ठरलेली, आणि मग 'सूचना व हरकती' मागवल्या जातात.

इंग्लंडमध्ये हा प्रश्न न्यायालयात गेला. १९८५च्या गनिंग खटल्यात लोकांना विचारण्याच्या चार कसोट्या पुढे आल्या. प्रस्ताव अजून घडत असतानाच विचारा, विचार करून मत देता येईल इतकी कारणं सांगा, पुरेसा वेळ द्या, आणि आलेली मतं निर्णय घेण्याआधी मनापासून विचारात घ्या. पुढे २०१४मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हॅरिंगे या लंडनमधल्या स्थानिक स्वराज्य संस्थेच्या प्रकरणात याच कसोट्या उचलून धरल्या. ते प्रकरण कलेचं नव्हतं, करसवलतीचं होतं. पण त्यातला मुद्दा आपल्या कामाचा आहे. लोकांपुढे एकच पर्याय ठेवला होता आणि बाकीचे का सोडले ते सांगितलंच नव्हतं. न्यायालयाने ती प्रक्रिया बेकायदा ठरवली. म्हणजे टाकून दिलेले पर्यायही टेबलावर ठेवायचे असतात. 'कलादालन बंद करणं, भाडं वाढवणं, वेळ कमी करणं असं तीन प्रकारे करता आलं असतं, आम्ही तिसरं निवडतोय, कारण हे' असं सांगितलं की समोरच्या माणसाला बोलायला जागा मिळते.

उपाय साधा आहे. सभेचं पत्रक छापण्याआधी एका कागदावर तीन रकाने आखा : ठरलेलं, अर्धं ठरलेलं, मोकळं. तिसरा रकाना रिकामा राहिला तर ती माहिती देण्याची सभा आहे. तिला तेच नाव द्या. लोक माहिती ऐकायला येतात, रागावत नाहीत. रागावतात ते विचारल्याचं नाटक केलं की. शेरी आर्नस्टीन यांनी १९६९मध्ये नागरी सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तिच्यात माहिती देणं, मत विचारणं आणि समजूत घालणं या मधल्या तीन पायऱ्या त्यांनी नाममात्र सहभागात टाकल्या आहेत. भागीदारी सहाव्या पायरीवर सुरू होते. प्रत्येक वेळी सहावी गाठलीच पाहिजे असा माझा हट्ट नाही. पण तिसऱ्या पायरीवर उभं राहून सहाव्या पायरीचं पत्रक वाटू नये.

तीन गावांना एकच 'जनता' समजणं

संयुक्त कारभाराचा नकाशा एक असतो, माणसांचा जीव मात्र एकेका इमारतीत अडकलेला असतो. ज्या स्टेजवर पहिल्यांदा उभं राहिलो ते स्टेज, ज्या भिंतीवर मुलीचं चित्र लागलं ती भिंत. यांना 'विभागीय सुविधा क्रमांक दोन' म्हटलं की अर्धी लढाई हरलात.

आणि मग मतांचा पेच येतो. लोकसंख्येप्रमाणे वजन दिलं तर बळी तो कान पिळी, मोठं शहर दर वेळी जिंकतं. सगळ्यांना सारखं मत दिलं तर मोठं शहर म्हणतं, पैसे आमचे जास्त. ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रे शहराने १९८९पासून लोकसहभागातून अंदाजपत्रक बनवायला सुरुवात केली, तेव्हा भागाभागांत हाच पेच होता. त्यांनी वजन तीन गोष्टींवर वाटलं. त्या भागाची लोकसंख्या, तिथे त्या सेवेची उणीव किती, आणि तिथल्या लोकांनी तिला कितवा क्रम दिला. ही कल्पना कला सेवेला सहज लागू पडते. ज्या गावात तालमीला एकही खोली नाही, त्याला उणिवेचे गुण मिळतात, मग लोकसंख्या कमी का असेना. शिवाय सूत्र आधीच जाहीर असल्याने निकालानंतरची भांडणं कमी होतात.

एकत्र सभा पहिलीच ठेवू नका. आधी प्रत्येक गावात वेगळी, मग प्रत्येकातून निवडलेल्या चार-पाच जणांची एकत्र. आणि काय सामायिक, काय गावाचं, हे आधी सोडवा. तिकीटविक्री, विमा, ध्वनियंत्रणेची दुरुस्ती सामायिक केली तर कोणाचं फारसं बिघडत नाही. कार्यक्रम कुठले, कोणत्या तारखा, सवलतीत हॉल कोणाला, हे गावाकडे राहू द्या. सभेची वेळ ठरवताना शेवटची बस किती वाजता आहे ते बघा. हे लिहायला लागतंय याचंच मला नवल वाटतं.

सगळ्याला 'हो' मिळणारी प्रश्नावली

'आपल्या भागात कलादालन असावं असं वाटतं का?' याला नाही कोण म्हणेल? शंभर टक्के 'हो' आले आणि काहीच कळलं नाही. प्रश्न असा हवा की उत्तर देताना काहीतरी सोडावं लागेल. तालमीची खोली रोज रात्री दहापर्यंत उघडी ठेवायची, की त्याच पैशात रविवारी दिवसभर? नवे दिवे घ्यायचे, की व्हीलचेअरसाठी उतार बांधायचा? प्रत्येकाला वीस बिया द्या, पाच वाट्या मांडा, प्रत्येकीवर एक काम आणि त्याचा खर्च लिहा, आणि हव्या त्या कामाच्या वाटीत बिया टाकू द्या. 'देखभाल' ही वाटी नेहमी रिकामी राहते. ती उचलून दाखवा आणि विचारा, छत गळलं तर बाकीच्या चार वाट्यांचं काय? खरी चर्चा तिथून सुरू होते.

तेच सहा चेहरे

नाट्यसंस्थेचे अध्यक्ष, संगीत मंडळाचे सचिव, निवृत्त चित्रकला शिक्षक. ही माणसं हवीतच, ती वर्षानुवर्षं राबलेली असतात. पण पार्किंगमध्ये नाच बसवणारी पोरं, दर आठवड्याला वाचनालयाच्या कोपऱ्यात गाणारे ज्येष्ठ, घरी बसून विणकाम करणाऱ्या बायका, हे कोणी स्वतःला 'कला क्षेत्रातले' म्हणत नाहीत. पत्रकावर 'कलाप्रेमी नागरिकांनी उपस्थित राहावे' असं छापलं की त्यांनी ते आपल्यासाठी नाही असंच समजायचं.

आर्ट्स कौन्सिल इंग्लंडने २०१२मध्ये जिथे कलेतला सहभाग कमी होता तीच ठिकाणं निवडून एक कार्यक्रम सुरू केला. पैसे एकट्या कला संस्थेला न देता अनेक संस्थांच्या एकत्रित गटाला द्यायचे, आणि त्या गटात रोजच्या लोकांमध्ये वावरणाऱ्या संस्था असायला हव्यात, अशी त्याची घडण होती. आपल्या पातळीवर याचा अर्थ इतकाच की निमंत्रण कार्यालयातून जाऊ नये. वाचनालयातल्या ताई, क्रीडा मंडळातला मुलगा यांनी स्वतः जाऊन बोलवावं. आणि तुम्हीच त्यांच्याकडे गेलात तर आणखी बरं.

यात एक जोडचूक असते, ती पटकन सांगतो. आपल्याच दारवानाला आणि लाइटवाल्याला कोणी विचारत नाही. मंगळवारी हॉल रिकामा का राहतो, कोणता गट दर वेळी अर्ध्या तासात साफसफाई करून जातो, हे त्यांना तोंडपाठ असतं. नोकरीची धास्ती असल्याने ते साहेबांसमोर बोलणार नाहीत, म्हणून त्यांची बैठक वेगळी घ्या.

उत्तर न देणं

सूचना घेतल्या, आभार मानले, फाइल बंद. पुढच्या वेळी कोण येणार? पंधरा दिवसांत एक तक्ता लावा : लोक काय म्हणाले, आम्ही काय केलं, नाही केलं तर का. 'नाही'चा रकाना भरायला लाजू नका. 'पैसे नाहीत' हेही उत्तर आहे, फक्त किती कमी पडतात ते लिहा. तक्ता संकेतस्थळावर टाकाच, पण तिन्ही हॉलच्या दारांवरही चिकटवा.

संयुक्त सेवेत आणखी एक भानगड असते. माइक बिघडला तर तक्रार कोणाकडे? एक संस्था दुसरीकडे बोट दाखवते, दुसरी तिसरीकडे. करारातच एका पदाचं नाव उत्तरदायी म्हणून लिहा, नागरिकांच्या समितीला वर्षातून किती बैठका आणि कोणत्या बाबतीत निर्णयाचा हक्क तेही लिहा. वेगळं व्हायची वेळ आली तर काय, हेसुद्धा आत्ताच लिहा. वेस्टमिन्स्टर, केन्सिंग्टन-चेल्सी आणि हॅमरस्मिथ-फुलहॅम या लंडनमधल्या तीन स्थानिक स्वराज्य संस्थांनी २०११च्या सुमारास अनेक सेवा एकत्र चालवायला घेतल्या. २०१७मध्ये पहिल्या दोघींनी तिसरीला वेगळं होण्याची नोटीस दिली. लग्नाच्या वेळी काडीमोडाची भाषा नको, हे घरात ठीक. सामायिक पियानो कोणाचा, हे मात्र आधी ठरलेलं बरं.

गाडी घसरलीच असेल तर

सभेत आरडाओरडा सुरू झाला तर माइक काढून घेऊ नका, खुर्च्या हलवा. सात-आठ जणांचे घोळके करा, प्रत्येक घोळक्यात एक कर्मचारी लिहून घ्यायला बसवा. व्यासपीठ रिकामं झालं की ओरडायला समोर कोणी उरत नाही.

एकाच गटाने सूचनांचे सगळे अर्ज भरून पाठवले असतील तर ते रद्द करू नका. अर्ज गावानुसार आणि वयानुसार वेगळे काढा, कोण गायब आहे ते लगेच दिसेल. मग फक्त त्यांच्याकडे जा.

लोकांनी एक निवडलं आणि सभागृहाने दुसराच ठराव केला, असंही होतं. अशा वेळी गप्प बसणं सगळ्यात महाग पडतं. ज्यांनी ठराव केला त्यांनीच पुढच्या बैठकीत येऊन कारण सांगावं, अधिकाऱ्याला ढाल करू नये.

आणि फारसं कोणी आलं नसेल, तर पुन्हा तीच सभा लावण्याआधी आलेल्यांपैकी दोघा-तिघांना फोन करा. त्या किल्लीवाल्या बाईंना कोणी फोन केला नव्हता. सेवा एकत्र झाली, किल्ली मुख्य कार्यालयात गेली, कार्यालय सहाला बंद व्हायचं. त्यांच्या गटाची तालीम आता एका जिन्याखाली होते.