गावचा हिरो, कॉलेजात राखीव: बेंचवर बसून रायलेल्या कबड्डीवाल्या पोट्ट्यांसाठी

रात्रीच्या इनामी सामन्यात तू सुपर रेड (एकाच चढाईत तीन किंवा जास्त पॉइंट) मारतो, माइकवाला घसा फाडून तुझं नाव घेते, गावातले म्हातारे शंभर-शंभरच्या नोटा लावतात. मंग जुलैमधी अमरावतीच्या एखांद्या कॉलेजात खेळाडू म्हणून ॲडमिशन होते, फी माफ, होस्टेल, सगळं. आणि ऑक्टोबरमधी पाहतो त काय, आंतरमहाविद्यालयीन सामन्यात तू ट्रॅकसूट घालून पाण्याच्या बाटल्या सांभाळून रायला. मी यातून गेलो, दीड वर्ष बसलो, आता दारव्ह्याकडं पोट्टे शिकवतो म्हणून लिहून रायलो.

पहिले हिशोब समजून घे. टीम 12 जणांची, मॅटवर 7, बाहेर 5. आपल्याइकडच्या प्रत्येक गावातून जो पोट्टा उचलून आणतात तो रेडरच (चढाई करणाराच) असते, काऊन की गावात टाळ्या चढाईलेच पडतात. म्हणजे कॉलेजात बारापैकी आठ-नऊ जण आपापल्या गावचे हिरो रेडर आणि टीमले पायजेत तीन. बाकीच्या चार जागा पकडीच्या, अन् लेफ्ट कॉर्नरले (पकडवाल्यांच्या रांगेत डाव्या टोकाले) मनापासून उभं रायणारा एकही नाई! सर तुयावर राग धरून बसले असं वाटते ना तुले, तसं काही नसते बहुतेक वेळा, गर्दी चुकीच्या दारात असते एवढंच.

म्हणून माझा पहिला आणि खरं म्हटलं त एकच सल्ला: कॉर्नर शीक. रेड सोडू नको, पण रोज प्रॅक्टिस सुटल्यावर अर्धा तास कोणाले तरी धरून अँकल होल्डच (घोट्याची पकड) कर. रेडर पाय टाकते तेव्हा त्याच्या तोंडाकडं पाह्यचं नाई, कमरेकडं पाह्यचं. डोळे फसवतात, कमर फसवत नाई. पाय आत आला की दोन्ही हातांनी घोटा धरायचा आणि त्याच क्षणी आपलं अंग मागं ओढून घ्यायचं, नुसता हातानं धरून बसला त तो तुले फरफटत मिडलाइनवर घेऊन जाते (मले नेलं आहे, दोनदा). आणि कव्हरवाल्याशी (रांगेत आतल्या बाजूले उभा रायते तो) जमवून ठेव, तू धरलं आणि तो डॅश (अंगाचा धक्का) द्यायले आलाच नाई त पॉइंट गेला समज.

दुसरी गोष्ट मॅट. मातीवर वाढलेला पोट्टा मॅटवर पहिले सहा महिने अर्धाच असते. मातीत घसरत थांबायची सवय, मॅटवर बूट गच्चकन थांबते आणि गुडघा पुढं निघून जाते. ग्राउंड तेच 13 बाय 10 मीटरचं पण तिथं सगळं लवकर होते. बुटाचे पैसे कापसाच्या पहिल्या वेच्यातून माग बापाले, लाजू नको, नी-कॅपही घे, नाई त गुडघ्याची साल निघते आणि होस्टेलच्या गादीले चिकटते रात्री.

वजनाचं मात्र पाहून कर. सीनियर पुरुषांमधी 85 किलोची हद्द आहे, म्हणून जिमवाला सांगते म्हणून फुगत बसू नको. मेसची पातळ डाळ पुरत नाई हे खरं, फुटाणे, शेंगदाणे, गूळ खोलीत ठेव, अंडी खात असशील त खा.

बेंचवर बसलास त बसल्या जागी काम कर. समोरच्या रेडरचा पहिला पाय कोणता, तो कोणत्या बाजूनं आत शिरते, दोन रेड रिकाम्या गेल्यावर तिसऱ्या करो-या-मरो रेडले (पॉइंट आणा नाई त बाद) ते कोणाले पाठवतात, हे वहीत लिही. हसू दे पोट्ट्यांले. टाइमआऊट फक्त 30 सेकंदांचा असते, त्यात तू सरांले म्हटलं की "सर, तो पाच नंबरवाला बोनस करताना मागचा पाय उचलतच नाई," त पुढच्या सामन्यात सर आपोआप तुयाकडं वळून पाहतात. बोनसले (बोनस लाइन ओलांडून मिळते तो पॉइंट) मागचा पाय हवेत पायजे, समोर सहा तरी डिफेंडर पायजेत, हे नियम अर्ध्या खेळाडूंले धड माहीत नसतात.

सरांशी बोलायचं त एकट्यानं, प्रॅक्टिसनंतर. "मले काऊन नाई खेळवत?" असं नाई, "सर, मी कुठं कमी पडून रायलो, दोन गोष्टी सांगा" असं. सरपंचाले, आमदाराच्या पीएले फोन लावायले सांगू नको बावा. एका सामन्यापुरता खेळवतील, मंग वर्षभर विचारणार नाईत.

सगळ्यात जास्त पोट्टे हुकतात ते सोयाबीनमुळं. सामने ऑक्टोबरकडं लागले त तेव्हाच घरी काढणी, मंग कापूस. घरी जाच, पण सरांले तारीख सांगून जा आणि त्याच तारखेले परत ये. आणि इनामी सामने? मी बंद करा म्हणणार नाई, खेळायची सवय तिथंच टिकते, पण सरांले न सांगता रात्री तीन-तीन सामने खेळून सुजलेला घोटा घेऊन सोमवारी लंगडत येणारे लय पाह्यले.

कॉलेज बदलायचा विचार येतेच. तिकडं अमेरिकेत कॉलेज फुटबॉलमधी (त्यांचा हातानं खेळायचा अमेरिकन फुटबॉल) 2018 च्या नियमानं पाच वर्षांत चार सीझन खेळायची मुभा होती, एखांद्या वर्षी चारपेक्षा जास्त मॅच न खेळवता ते वर्ष राखून ठेवत, त्याले रेडशर्ट म्हणतात. जो बरो नावाचा खेळाडू ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीत असाच बेंचवर रायला, पण डिग्री हातात घेऊनच 2018 ले एलएसयूत (लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटी) गेला, आणि 2019 ले सगळे 15 सामने जिंकून चॅम्पियन. आपल्याइकडं राखून ठेवलेलं वर्ष नसते, आंतरविद्यापीठले वय 25 ची हद्द, म्हणून जायचंच असलं त डिग्रीचं पाहून आणि पात्रतेचे नियम क्रीडा विभागात विचारून जा.

आणि लांब कशाले, आपल्या अमरावतीचा क्रिकेटवाला जितेश शर्मा पाहा. 2016 ले मुंबई इंडियन्सनं घेतला, 2017 ले टीम जिंकली, याले एकही मॅच नाई. पहिली आयपीएल मॅच 2022 ले, पंजाबकडून. 2025 ले बंगळुरूची कॅप्टनशिप करताना लखनौविरुद्ध 33 बॉलमधी नाबाद 85.

गावात लोक विचारतातच, "खेळला का मंग?" बापाले खरं सांग. मी खोटं सांगत होतो, मंग एकदा बाबा एसटीनं सामना पाह्यले आले आणि मी टॉवेल घेऊन उभा. काही बोलले नाईत, येताना आणलेला तिळगुळाचा डबा टीमले वाटला आणि पाचच्या गाडीनं गेले.

शेवटचं, बॅग. बूट, नी-कॅप, ओळखपत्र आणि नेलकटर. माझा पहिला चान्स दुसऱ्या वर्षी आला, आमचा कॉर्नरवाला जखमी, सरांनी माझं नाव घेतलं, मी ट्रॅकसूट काढून पळालो आणि रेफरीनं हात पुढं करायले लावले. नखं वाढलेली. कबड्डीत वाढलेल्या नखांनी उतरू देत नाईत हे मले माहीत होतं ना! नेलकटर कोणाजवळच नाई, मी दातानं कुरतडत रायलो आणि सरांनी माझ्या बाजूच्याले आत पाठवलं. तो चांगला खेळला, मंग वर्षभर तोच खेळला.