टाईट म्हणजे किती टाईट? नट-बोल्ट कसताना या चुका टाळा

सोयाबीन काढायच्या दिवसांत ट्रॅक्टर उभा राहिला, की मालकाचं एकच म्हणणं असतं, "भाऊ, पाईप लावून कस. पुन्हा ढिलं व्हाले नाही पायजे." पहिली काही वर्षं मीही पान्याच्या दांड्याला पाईप लावूनच कसत होतो. मग एका पेरणीच्या वेळी वावराच्या मधोमध मागच्या चाकाचे दोन स्टड (ज्यांवर चाकाचे नट बसतात ते बोल्ट) तुटले. ते मीच कसलेले होते. चाक बदलताना मालक काही बोलला नाही, तेच जास्त लागलं.

कसला की बोल्ट स्प्रिंगसारखा ताणला जातो, अगदी केसाएवढा, आणि तो ताणच दोन भाग दाबून धरतो. हद्दीपलीकडे ताणला तर तो मागे येत नाही आणि पकड जाते. मीटरभर पाईपच्या टोकाला 70 किलोचा गडी लोंबकळला तर नटावर 70 किलो-मीटर (किलो गुणिले मीटर), म्हणजे जवळपास 690 न्यूटन-मीटर जोर पडतो. तोच गडी अर्ध्या मीटरवर लोंबकळला तर निम्मा. हाताला हा फरक कळत नाही, कारण हाताला फक्त "जोर लागला" एवढंच कळतं.

त्यातही आपण लावलेल्या जोराचा साधारण दहावा हिस्साच बोल्ट ताणायला जातो. बाकीचा सगळा नटाच्या बुडाशी आणि आट्यांमध्ये घासण्यात खर्च होतो. त्यामुळे आटे गंजलेले असतील तर पाना अडतो, पण बोल्ट ढिलाच राहतो. उलट कोरड्या बोल्टसाठी कंपनीनं दिलेला कसायच्या जोराचा आकडा तेल लावलेल्या बोल्टवर वापरला तर तोच बोल्ट जास्त ताणला जातो. म्हणून मॅन्युअलमध्ये आकड्याच्या शेजारी तेल लावा की कोरडं ठेवा, तेही वाचा. आपल्याकडे ते पान बहुतेक पहिल्याच वर्षी फाटतं, ही गोष्ट वेगळी.

आपल्या काळ्या मातीचं एक खास दुखणं आहे. चाक काढलं, डिस्क (चाकाची तबकडी) आणि हब (ती जिथं बसते तो मधला भाग) यांच्यामध्ये मातीचा पापुद्रा राहिला आणि तसंच कसलं, तर त्या वेळी नट छान घट्ट लागतो. दोन दिवसांत माती वाळून चुरा होते, फट पडते आणि नट हलायला लागतो. मग मालक म्हणतो, मिस्त्रीनं नीट कसलं नाही. जागा वायर ब्रशनं घासून कोरडी करा, जाड रंग असेल तर खरवडा, समोरासमोरचे नट आळीपाळीनं कसा आणि थोडं काम झाल्यावर पुन्हा एकदा तपासा. इंजिनचं हेड, म्हणजे वरचं झाकण, धरणाऱ्या हेड बोल्टचंही तसंच: मधून बाहेरच्या दिशेनं, दोन-तीन टप्प्यांत, कंपनीनं दिलेल्या क्रमानं. एका बाजूनं पूर्ण कसत गेलात तर नवं गॅस्केटही गळेल. हेड बोल्टच्या बंद भोकात तेल किंवा पाणी साचलेलं असेल तर आधी हवा मारून काढा. बोल्ट खाली उतरताना द्रवाला वाट मिळत नाही आणि ब्लॉकला तडा जाऊ शकतो.

पाना निवडताना ओपन पाना फक्त फिरवायला, शेवटचा जोर नेहमी रिंग पान्यानं किंवा गोटीनं (सॉकेटनं). सहा कोनी गोटी बारा कोनीपेक्षा नटाचे कोपरे कमी खाते. अर्धा इंचाचा पाना लागतो त्या नटावर, म्हणजे 12.7 मिलिमीटरवर, 13 चा पाना "बसतो", पण पाच-सहा वेळात कोपरे गोल करतो. स्लायडिंग पाना हेड बोल्टला लावूच नका.

मोटरसायकलच्या बारक्या बोल्टवरही जास्त कसण्याचीच चूक होते. 6 मिलिमीटरच्या बोल्टला साधारण 10 न्यूटन-मीटर पुरतात, म्हणजे दहा सेंटिमीटर लांबीच्या पान्यावर दहा किलोचा जोर. ऑइल ड्रेनचा बोल्ट ॲल्युमिनियममध्ये असतो, तिथले आटे एकदा गेले की टॅप मारून काम चालतं, पण मूळची मजबुती येत नाही. बोल्ट फिरतोय पण जड होत नाही असं वाटलं, की थांबा. तो ताणून निकामी झाला असेल किंवा आटे सुटत असतील.

टॉर्क रेंच, म्हणजे ठरवलेला जोर आला की क्लिक करणारा पाना, घेतला म्हणजे भागलं असं नाही. क्लिक आली की थांबायचं. "अजून एक" म्हणून पुन्हा ओढलं की मोजमाप गेलं. नट ढिला करायला तो वापरू नका, काम झालं की सेटिंग सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून ठेवा. युनिटही पाहा: 10 किलो-मीटर म्हणजे 98 न्यूटन-मीटर आणि 72 फूट-पाउंड. न्यूटन-मीटरचा 98 आकडा फूट-पाउंडच्या पट्टीवर लावला तर बोल्टवर 133 न्यूटन-मीटर जातात.

रेंच बरोबर आहे की नाही, हे घरीच कळतं. कापूस मोजायचा हुकाचा काटा असतोच. रेंचचं चौकोनी टोक व्हाइसमध्ये (शिकंज्यात) धरा, त्या टोकापासून 45 सेंटिमीटरवर काटा अडकवा, 90 न्यूटन-मीटर लावा आणि रेंचला काटकोनात ओढा. वीस किलोच्या थोडं पुढं क्लिक यायला हवी. माझ्या रेंचला ती पंचवीसला यायची. एका हंगामात कसलेले सगळे हेड मी त्याच रेंचनं बसवले होते.